१२ दिवसांच्या दंत शिबिरासाठी टांझानियाला जावं का?

तासगावची_दंतवैद्य:

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय.

मी बीडीएस. तासगावात स्वतःचं छोटं क्लिनिक आहे, एकच चेअर, यंदा सातवं वर्ष. चेअर आणि एक्स-रे मशीनचे हप्ते अजून दोन वर्षं चालतील. मागच्या महिन्यात कॉलेजातल्या एका सीनियरमार्फत एका ट्रस्टकडून विचारणा आली. ऑगस्टमध्ये १२ दिवस टांझानियाच्या उत्तर भागात, अरुशाच्या पुढच्या खेड्यांत मोफत दंत शिबिर आहे. विमान, व्हिसा, राहणं धरून साधारण १ लाख ७० हजार ज्याचे त्यानं घालायचे. फोर्सेप्स, एलिव्हेटर ही दात काढायची हत्यारं आपापली न्यायची. रोज माणशी ६० पेशंट व्हावेत अशी त्यांची अपेक्षा आहे.

मला जायचंय. का, ते सांगते. इंटर्नशिपमध्ये जत तालुक्यातल्या एका गावात आमचं शिबिर होतं. साठीच्या एक आजी जबड्याला रुमाल बांधून चालत आल्या होत्या. आठ रात्री झोप नव्हती म्हणाल्या. इंजेक्शन दिलं, पाच मिनिटं गेली, आणि त्या एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, गप झालं गं." दाढ अजून काढलीही नव्हती. क्लिनिकमध्ये रोज कॅपचा रंग, कॅपचं बिल, "जरा कमी करा की" यात दिवस जातो, पण त्या आजींचं वाक्य अजून कानात आहे. जिथं दातांचा डॉक्टर महिनोन्‌महिने दिसत नाही, तिथं आपला हात लागावा असं मनापासून वाटतं.

घरी मिस्टर तयार आहेत. सासूबाईंना मलेरियाची काळजी. मामंजी म्हणाले, "क्लिनिक बंद ठेवून पदरचे पावणेदोन लाख घालायचे, मग हप्ता कशातनं जायचा?" त्यांचं चुकीचं नाही.

तर, कोणी जाऊन आलंय का? १२ दिवसांत तिथल्या लोकांना खरंच काही उपयोग होतो का? ट्रस्टला काय विचारून घ्यावं? सोबत काय न्यावं? आणि "इथं काय पेशंट कमी पडलेत का" या प्रश्नाला मी अजून स्वतःलाही उत्तर दिलेलं नाही. त्यावरही बोला, वाईट वाटणार नाही.

जत_मास्तर:

डॉक्टर मॅडम, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण तुम्ही आमच्याच तालुक्याचं नाव घेतलंत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, जतच्या पूर्व भागात. आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोरं आईबापाबरोबर फडावर, कोपीत. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, दिवसभर ऊस, रात्री जे असेल ते. मार्च-एप्रिलमध्ये परत शाळेत येतात तेव्हा पुढच्या दातांचे नुसते काळे ठोंब राहिलेले असतात. चौथीतला एक मुलगा यंदा पेपर सोडवताना गाल धरून रडत होता. पेपर राहिला. मी त्याला गाडीवर बसवून जतला नेलं. डॉक्टरांनी दाढ काढली आणि म्हणाले, वर्षभर आधी आणला असता तर वाचली असती.

बायका मिशेरी लावतात, दात दुखला की जास्त लावतात. दाताला वेगळा डॉक्टर असतो हेच पुष्कळांना माहीत नाही.

तुम्ही आफ्रिकेला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण पावणेदोन लाखांत आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांची तपासणी दोन वर्षं होईल. रागानं बोलत नाही, ताई. तो मुलगा डोळ्यासमोर आहे म्हणून बोललो.

कराडचा_डॉक्टर:

मॅडम, मी तीन वेळा जाऊन आलोय. २०१२, २०१४ आणि २०१७. तिन्ही वेळा टांझानियाच, तुम्ही म्हणताय त्याच बाजूला, अरुशाहून करातूकडे जाणाऱ्या रस्त्यावरची खेडी. आज संध्याकाळची ओपीडी लवकर आटपली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या फेरीत आम्ही सहा जणांनी नऊ दिवसांत सातशेच्या वर दात काढले. एका प्राथमिक शाळेच्या दोन खोल्यांत लाकडी बाकांवर पेशंट, डोकं भिंतीला टेकवलेलं, आमच्या कपाळावर बॅटरी. सकाळी सहाला दार उघडलं की बाहेर दीड-दोनशे माणूस बसलेलं असायचं. दुपारनंतर हात वळायचे नाहीत. परत आल्यावर कराडात सत्कार झाला, बॅनरवर तो सातशेचा आकडा छापला होता. मला त्याचा अभिमान वाटला होता.

दोन वर्षांनी त्याच गावात गेलो. तिथल्या आरोग्य केंद्रात एक डेंटल थेरपिस्ट आहेत. दातांचे पूर्ण डॉक्टर नव्हेत, पण दात काढणं, सिमेंट भरणं यांचं रीतसर शिक्षण घेतलेले. त्या देशात अशी वेगळी पदं आहेत आणि खेड्यापाड्यातलं बरंचसं काम हीच माणसं ओढतात. पहिल्या वेळी आम्ही त्यांना पाणी आणायला आणि रांग लावायला ठेवलं होतं. या वेळी त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, की तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माझ्या दारात रांग होती. कुणाचा ड्राय सॉकेट, म्हणजे काढलेल्या दाताच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी जाऊन हाड उघडं पडलेलं, कुणाचं रक्त थांबेना. एका बाईचा जबडा सुजत सुजत मानेपर्यंत आला, तोंड उघडेना, गिळता येईना. नवऱ्यानं मोटारसायकलवर मधे बसवून, मागं भावाला धरायला लावून मोठ्या दवाखान्यात नेली. वाचली.

ती बाई मला आठवत होती. पाठीला बाळ बांधलं होतं, तिथं कांगा म्हणतात त्या कापडानं. तिची खालची दुसरी दाढ मीच काढली होती. मूळ तुटून आत राहिलं. संध्याकाळचे सहा वाजले होते, बाहेर अजून माणसं होती, उजेड चालला होता. मी ते मूळ तसंच ठेवलं, पाच दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या, कशा घ्यायच्या ते इंग्रजीत सांगितलं आणि "नेक्स्ट" म्हणालो. मूळ आत राहिलंय हे तिला सांगितलं नाही, कुठं लिहूनही ठेवलं नाही. माझ्या कराडच्या क्लिनिकमध्ये मी असं कधी केलं असतं का? नसतं केलं. तिथं केलं, कारण दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात येणार नव्हती.

म्हणून तुमच्या ट्रस्टला पहिला प्रश्न हा विचारा: चौथ्या दिवशी कोण बघणार? ड्राय सॉकेट तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणकतो, पूही तेव्हाच वर येतो. त्या दिवशी पेशंट कुणाकडं जाईल, त्या माणसाला तुम्ही काय केलंय ते कळेल का, त्याच्याकडं औषध आणि हत्यार असेल का? याचं उत्तर नाव-गावासकट मिळालं तर जा. "आम्ही गोळ्या देतो" एवढंच उत्तर आलं तर जाऊ नका. हे मी फार जबाबदारीनं सांगतोय.

२०१४ ला आम्ही सगळं उलटं केलं. थेरपिस्ट साहेब मुख्य, आम्ही त्यांच्या हाताखाली. कोणता दात काढायचा, कोणता ठेवायचा, शेवटचा शब्द त्यांचा. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड, स्वाहिलीत, दोन प्रती. एक पेशंटकडं, एक केंद्रात. आणि शेवटचे चार दिवस एकही दात काढायचा नाही. त्या चार दिवसांत आधीच्यांची तपासणी, सिमेंट भरणं, शाळा. आकडा निम्म्यावर आला. पण त्या फेरीत तीन ड्राय सॉकेट मी स्वतः धुतले, पट्टी भरली, आणि माणसं समोर शांत झालेली पाहिली. तुमच्या आजींचं "गप झालं" वाचलं तेव्हा तेच आठवलं.

रोज ६० पेशंट हा आकडा मान्य करू नका. एका पेशंटला बीपी विचारणं, भूल चढू देणं, दाढ काढणं, रक्त थांबलेलं बघणं आणि समजावून सांगणं, याला घाई केली तरी २० मिनिटं जातात. ६० म्हणजे २० तास. यातलं काहीतरी गाळल्याशिवाय हा आकडा होत नाही.

आता सिमेंट भरण्याबद्दल, कारण मला वाटतं तुमचा खरा उपयोग तिथं आहे. ड्रिलशिवाय सिमेंट भरायची ही पद्धत, एआरटी, आपण कॉलेजात अर्ध्या पानात शिकतो आणि विसरतो. वीज नको, ड्रिल नको, बहुतेक वेळा इंजेक्शनही नको. चमच्यासारख्या एक्स्कॅव्हेटरनं मऊ कीड खरवडून काढायची, पोकळी पुसून कोरडी करायची, घट्ट जातीचं ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरायचं, बोटाला व्हॅसलिन लावून वरून दाबून धरायचं, तासभर काही खाऊ द्यायचं नाही. ही पद्धत आली कुठून माहितीये? टांझानियातूनच. १९८०च्या दशकाच्या मध्यावर दार एस सलामच्या विद्यापीठातल्या दंत विभागात हे काम सुरू झालं, कारण खेड्यात ड्रिल चालवायला वीज नव्हती आणि दात काढण्याशिवाय दुसरा इलाज नव्हता. पुढं १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनाला, त्या वर्षीचा विषयच तोंडाचं आरोग्य होता, जागतिक आरोग्य संघटनेनं ती उचलून धरली. मला ती हाताला धरून शिकवली त्याच थेरपिस्ट साहेबांनी. आज कराडला लहान मुलांना मी तीच वापरतो. ड्रिलचा आवाज ऐकून किंचाळणारं पोर चमच्याला घाबरत नाही.

लहान मुलांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडही न्या. थेंब लावला की बहुतेक वेळा कीड तिथंच थबकते. ग्लास आयोनोमर आणि हे, दोन्ही २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. पण लावलेली कीड कायमची काळी पडते. आईला आधी दुसऱ्या मुलाचा काळा झालेला दात दाखवा, मग विचारा. न विचारता लावलंत तर तिला वाटणार परदेशी बाईनं लेकराचा दात जाळला.

दोन गोष्टी तिथं दिसतील, त्या आधी माहीत असाव्यात. त्या पट्ट्यात पुष्कळ लोकांचे दात तपकिरी, खड्डे पडलेले असतात. बघताक्षणी "ब्रश करत नाही का" असं तोंडातून जाऊ देऊ नका. तो फ्लोरोसिस आहे. ज्वालामुखीची जमीन, पाण्यातच फ्लोराइड जास्त, वर शेंगा-कडधान्य लवकर शिजावं म्हणून मगादी नावाचा खार घालतात, त्यातही ते असतं. तिथल्या शिकलेल्या पोरी तोंडावर हात धरून हसतात. मी पहिल्या दिवशी एकीला ब्रशवरून बोललो होतो. तिनं काहीच उत्तर दिलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. तान्ह्या बाळाला ताप, जुलाब झाले की हिरडीत "किडा" किंवा "प्लास्टिकचे दात" आहेत म्हणून गावठी वैद्य सुळ्यांचे न उगवलेले कोंब हत्यारानं उकरून काढतात. पूर्व आफ्रिकेत बऱ्याच देशांत ही चाल आहे. रक्त जातं, जंतुसंसर्ग होतो, बाळ दगावूही शकतं, आणि पुढं कायमचा सुळा वेडावाकडा येतो किंवा येतच नाही. मोठ्या मुलांत सुळा नसेल तर तिथं डाग शोधा. मला संताप आला होता. थेरपिस्ट साहेब म्हणाले, आईला रागावू नका, तिनं बाळ वाचवायलाच ते केलंय. तिला जुलाबात साखर-मिठाचं पाणी पाजायला शिकवा. ते दर बुधवारी लसीकरणाला आलेल्या आयांशी यावर बोलतात. बारा दिवसांच्या पाहुण्याला हे जमणार नाही, पण त्यांच्या शेजारी बसून ऐकता येतं.

जत_मास्तर, तुमचं म्हणणं मला पटतं आणि त्यावर माझ्याकडं पळवाट नाही. एवढंच सांगतो, मी तिथं जे शिकलो ते घेऊनच २०१५ पासून माण-खटावच्या शाळांत जायला लागलो. त्याआधी वीस वर्षं कराडात राहून दहिवडीच्या पुढं गेलो नव्हतो.

मिरजेची_सिस्टर:

मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, आता निवृत्तीला दोन वर्षं राहिली. दातांचं मला कळत नाही, हत्यारांचं कळतं.

डॉक्टर, रोज साठ पेशंट आणि फोर्सेप्स किती सेट? हा प्रश्न विचारा. दहा सेट असतील तर दिवसातून सहा वेळा निर्जंतुक करावे लागतील, आणि ते कोण करणार? शिबिरात मी पाहिलंय, लाल औषधाच्या ट्रेमध्ये बुडवायचं, पुसायचं, पुढच्याच्या तोंडात. ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणातही खरं निर्जंतुकीकरण व्हायला दहा तास लागतात. दहा मिनिटांत काही होत नाही.

वीज नसेल तर साधा प्रेशर कुकर चालतो, आमच्या जुन्या मेट्रन बाईंनी शिकवलेलं. आधी ब्रशनं रक्त पूर्ण घासून काढायचं. कुकरात तळाला थोडं पाणी, वर जाळी, हत्यारं पाण्यात बुडता कामा नयेत. झाकण लावून वाफ जोरात यायला लागली की मग शिट्टी ठेवायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. शिट्टी उचलायला लागली की तिथून अर्धा तास मोजायचा. इंडिकेटर टेप चिकटवायला विसरू नका, काळी पट्टी उमटली नाही तर तो घाणा परत लावायचा.

आणि स्वतःसाठी: हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का, आणि नंतर अँटिबॉडी तपासलीत का? डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणजे ऑगस्टला जायचं तर आज सुरू करून सगळे बसणार नाहीत. सुई टोचली तर एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यायची. ती गोळी तुमच्या पथकाच्या पेटीत असली पाहिजे.

बाहेरून येऊन काम करणाऱ्यांबद्दल एक सांगते. आमच्या मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात, ते वॉनलेस साहेबांमुळं. कॅनडातून आले, १८९४ ला इथं हॉस्पिटल उघडलं, चाळीसएक वर्षं भारतात काढली. पण ते गेल्यावर हॉस्पिटल बंद पडलं नाही, कारण त्यांनी इथल्याच मुलांना शिकवून डॉक्टर केलं होतं. तुम्हाला बारा दिवसच आहेत हे कळतं मला. पण त्या बारा दिवसांत तिथल्या एका मुलीला तरी हत्यारं नीट धुवायला शिकवा.

दारमधला_सांगलीकर:

मी मूळचा सांगली गावभागातला. नोकरीमुळं नऊ वर्षं दार एस सलामला आहे. कागदपत्रांचं सांगतो, बाकी कराडच्या सरांनी लिहिलंच आहे.

पर्यटक व्हिसावर येऊन पेशंटच्या तोंडात हात घालू नका. इथं मेडिकल कौन्सिल ऑफ टांगानिका आहे. टांगानिका हे १९६४ मध्ये झांझिबार जोडला जायच्या आधीचं नाव, कौन्सिलनं ते ठेवलंय. बाहेरच्या डॉक्टरांना, दंतवैद्यांनाही, त्यांची तात्पुरती नोंदणी लागते. महाराष्ट्राच्या दंत परिषदेची तुमची नोंदणी इथं चालत नाही, तिची प्रत अर्जाला लागते फक्त. ट्रस्टनं अर्ज केलाय का, कोणत्या स्थानिक दवाखान्याच्या नावानं केलाय, ते लेखी मागा. तुमचा तिकडचा व्यावसायिक विमा भारताबाहेर लागू नसण्याची शक्यता धरूनच चाला आणि कंपनीकडून लिहून घ्या.

यलो फीव्हरची लस सरकारी अधिकृत केंद्रातच घ्या, निघायच्या किमान १० दिवस आधी. विमान बहुतेक अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतं, परतताना मुंबईला कार्ड विचारू शकतात, आणि नसलं तर विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. सामान कॅरीबॅगेत बांधून आणू नका, इथं १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगा बंद आहेत. प्लग इंग्लंडसारखा, जाड चौकोनी तीन पिनांचा. औषधं आणणार असाल तर इथं पोचल्यावर किमान वर्षभर मुदत शिल्लक असलेलीच आणा, दान म्हणून दिलेल्या औषधांना जागतिक आरोग्य संघटनेचाच तसा दंडक आहे. संपत आलेली कंपनीची सॅम्पलं नकोत.

हे का सांगतो? ऑगस्ट २०१९ ला महापुरात मी सुट्टीवर घरी होतो. आमच्या घरात छातीभर पाणी. मदत सगळ्या महाराष्ट्रातून आली आणि सांगलीकर ते विसरणार नाहीत. पण पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते, ते उचलायला परत माणसं लावावी लागली. आणि एक तरुण पोरांचा गट आला होता, त्यांनी दारात उभं राहून आईला विचारलं, "मावशी, काय पाहिजे?" आई म्हणाली, "खराटा आणि ब्लीचिंग पावडर." तासाभरात घेऊन आले आणि आमच्याबरोबर चिखल काढला. आई अजून त्या पोरांची आठवण काढते. घेणाऱ्याच्या बाजूला आपण उभे राहून आलोय, मॅडम. तुम्ही येण्याआधी त्या केंद्राला फोन करून तेवढंच विचारा.

चार शब्द पाठ करून या. वयानं मोठ्यांना आधी "शिकामो" म्हणायचं, आपल्याकडं वाकून नमस्कार करतात तसा मान आहे त्यात. "फुंगुआ म्दोमो" म्हणजे तोंड उघडा. "इनाउमा?" म्हणजे दुखतंय का? आणि दुखत असेल तर "पोले". याला मराठीत नेमका शब्द नाही. तुमचं दुखणं मला कळतंय, असं काहीसं.

तासगावची_दंतवैद्य:

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. उशीर झाला, पण सगळ्यांचे प्रतिसाद छापून काढून क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत.

ट्रस्टला चौथ्या दिवसाचा प्रश्न विचारला. आधी दोन दिवस उत्तर नाही. मग संयोजकांचा फोन आला, जरा नाराज होते. म्हणाले, आजवर कुणी असं विचारलं नाही. मी म्हटलं, मला तिथल्या केंद्रातल्या माणसाशी बोलायचंय. नंबर दिला, याबद्दल त्यांचे आभार मानते.

परवा रात्री तिथल्या डेंटल थेरपिस्ट बाईंशी बोलणं झालं, व्हिडिओ कॉलवर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघीही. मी त्यांना विचारलं, काय आणू? मला वाटलं फोर्सेप्स म्हणतील. त्या म्हणाल्या, फोर्सेप्स पुष्कळ आहेत, प्रत्येक पथक सोडून जातं. घट्ट जातीचं ग्लास आयोनोमर आणा, ते मार्चपासून संपलंय. तोंडात धरायचे आरसे आणा, आमचे सगळे धुरकट झालेत. मग थोडं थांबून म्हणाल्या, रूट कॅनाल करता येतं का? आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा पुढचा दात आहे, तो काढू नये असं मला वाटतं, तिचं लग्न ठरलंय. मला रडूच आलं. सातशे दातांचा हिशेब एकीकडं आणि हा एक दात एकीकडं.

मी जातेय. पण रोज ६० नाही, २० पेशंट, आणि शेवटचे चार दिवस दात काढणार नाही, हे लेखी मान्य करून घेतलंय. कौन्सिलचा अर्ज त्या केंद्राच्या नावानं गेलाय. परवानगी हातात आली नाही तर तिकीट रद्द करणार, तेवढे पैसे गेले तरी चालतील. सिस्टर, माझे हिपॅटायटिसचे डोस कॉलेजात झाले होते, अँटिबॉडी मात्र कधी तपासली नव्हती. सांगलीत तपासली, व्यवस्थित आहे.

हप्त्यांसाठी माझी मैत्रीण, विट्याची, आठवड्यातून तीन दिवस माझं क्लिनिक बघेल. मामंजींनी विचारलं, "तिला काय देणार?" मी म्हटलं, निम्मं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच क्लिनिकच्या दारावरची पाटी पुसत होते.

जत_मास्तर, तुमचं लिहिणं सगळ्यात जास्त लागलं. ऑगस्टची वाट बघत नाही. या महिन्याच्या शेवटच्या दोन शनिवारी सकाळच्या शाळेला येते. ड्रिल नाही, चेअर नाही, चमचे आणि सिमेंट घेऊन. हात बसायलाही तेच बरं. त्या चौथीतल्या मुलाच्या दुसऱ्या बाजूच्या दाढेला भोक पडलंय का, तेवढं बघून ठेवा. आणि चौथ्या दिवशी कुणाला दुखलं तर माझा नंबर शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा, तासगाव काही लांब नाही.

जत_मास्तर:

या मॅडम. बाकं व्हरांड्यात काढतो, उजेड तिथं चांगला असतो. त्या मुलाला पडलंय भोक, उजव्या बाजूला, खाली. आईबाप कारखान्यावरून परत आलेत, त्यांनाही बोलावतो. आणि माफ करा, पहिल्यांदा जरा तोडून बोललो होतो.

तासगावची_दंतवैद्य:

एक राहिलं. सिस्टर, कराडचे सर, कुकर केवढा घेऊ? पाच लिटरमध्ये फोर्सेप्स आडवे मावत नाहीत, मोजून बघितलं.

कराडचा_डॉक्टर:

दहा लिटरचा, उभा, ॲल्युमिनियमचा घ्या. आम्ही सांगलीतूनच नेला होता. विमानात सामानाच्या पेटीत गॉजचे रोल त्याच्या आतच भरा, जागा वाचते. रबरी रिंगा दोन जास्तीच्या आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह, तिथं ते मिळत नाहीत. तो भाग दीड हजार मीटरच्या आसपास उंच आहे, पाणी आपल्यापेक्षा लवकर उकळतं, त्यामुळं सिस्टरांनी सांगितलेल्या अर्ध्या तासावर दहा मिनिटं वाढवा. आणि येताना कुकर तिथंच ठेवून या.